सुंभ आणि पीळ

सोलापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक टपरी होती. तिच्या उजव्या खांबाला काथ्याचा सुंभ टांगलेला असायचा. खालचं टोक दिवसभर धुमसत राही. गिऱ्हाईक विडी ओठात धरून जरा वाकायचं, टोक फुंकून लाल करायचं, विडी पेटवायचं आणि सुंभ सोडून द्यायचं. सुंभ थोडा वेळ झोके घेत राही. रात्री टपरी बंद करताना मालक त्याचं टोक पाण्यात बुडवी. मला त्या जळक्या टोकाचं फार कुतूहल होतं. दोरी जळून राख झालेली असे, पण कुणी हात लावेपर्यंत त्या राखेतही पेड जसेच्या तसे दिसत. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही, ही म्हण शाळेत पुढे कधीतरी आली. मी ती आधीच पाहिली होती.

मी ऑक्टोबर २०१३ पासून सिगारेट ओढलेली नाही. त्याआधी चोवीस वर्षं ओढली. ओळखीतलं कुणी सोडायचं ठरवलं की मला विचारतं, "तुम्ही कशी सोडली?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर मला माझाच जुना चेहरा दिसतो. त्याला एक वाक्य हवं असतं, घरी नेता येईल असं. तसं वाक्य माझ्याकडे नाही. आहे ती बरीच लांबलेली गोष्ट, आणि ती आमच्या घरापासून सुरू होते.

आमच्या घरात विडी वळली जायची. आमच्या पूर्व भागात घरोघरी हेच चित्र: पुरुष कापडाच्या मागावर, बायका विडीवर. घरात बोलणं तेलुगू, शाळा मराठी. अम्मा संध्याकाळी तेंदूची पानं भिजवून ठेवी. पहाटे पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्रीनं एकसारखे तुकडे कापी. मग मांडीवर सूप, सुपात तंबाखूचा भुगा. पान, चिमूट, एक वळसा, दोऱ्याचा वेढा, आणि शेवटी नखानं तोंड दुमडायचं. बोलताना, भांडताना, आम्हाला पाढे विचारताना तिचे हात चालूच असत. दिवसाला हजार वळायच्या म्हणजे कंबर मोडायची. पंचवीस-पंचवीसच्या जुड्या बांधून ती कारखान्यात नेऊन देई. तिथं तपासणारा काही विड्या बाजूला काढी. या छाट विड्यांचे पैसे मिळत नसत. नंतर पुष्कळ बायका सोलापूरजवळ कुंभारीला, विडी कामगारांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत राहायला गेल्या, स्वतःच्या नावावर घर झालं. पण काम तेच राहिलं, आणि तो भुगा श्वासातून, बोटांतून अंगात उतरणंही.

अम्माला विडी कधी माहीत नव्हती, ओढायची म्हणून. नाना, म्हणजे वडील, ओढायचे. पानं संपवून उरलेल्या, वाकड्या वळल्या गेलेल्या विड्या त्यांच्या खिशात जात. मागावरची रात्रपाळी, हवेत सुताचा कापूस, आणि मधल्या सुटीत बाहेर ओट्यावर बसून विडी. आमच्या घरात विडीला कुणी वाईट म्हणत नसे. माझी फी, बहिणीचं लग्न, छपरावरचे पत्रे, सगळं त्या सुपातून आलेलं. ताटातल्या अन्नाला नाव ठेवू नये, तसंच होतं ते.

मी मात्र विडी ओढली नाही. विडी म्हणजे घर, गल्ली, खोकला. १९८९ मध्ये कॉलेजच्या बाहेर मित्रानं सिगारेट पुढे केली, ती मी घेतली, कारण ती सिगारेट होती. पांढरी, सरळ, एकसारखी. हजारातली एकही छाट नसलेली. हे मला त्या वेळी कळलं नव्हतं. पुढे सोडायला बसलो तेव्हा मागे मागे जात इथवर पोचलो.

पहिल्यांदा सोडली ती १९९९ च्या एक जानेवारीला. सहा दिवस टिकली. मग असे बरेच एक जानेवारी आले. मधे कमी करायचा प्रयोग केला. पाकीट घ्यायचं नाही, एकेक सुटी सिगारेट घ्यायची, दिवसाला चारच. तो सगळ्यात वाईट काळ होता. पूर्वी पंधरा सिगारेटी नकळत ओढल्या जायच्या, आता त्या चार दिवसभर डोक्यात असायच्या. दुसरीची वेळ झाली का, तिसरी जेवणानंतर ठेवू का. मी सिगारेट कमी केली होती आणि तिचा विचार चौपट. मग 'लाइट' लिहिलेली घेऊन पाहिली. तीत माणूस आपोआप खोल झुरका घेतो आणि शरीराला हवं तेवढं निकोटिन वसूल करतो. मीही तेच केलं.

२००३ मध्ये नाना गेले. शेवटची तीन वर्षं त्यांना घरातून गल्लीच्या तोंडापर्यंत चालायला चार ठिकाणी थांबावं लागे. मागाचा कापूस आणि विडी, दोन्ही छातीत बसलं होतं. विडी त्यांनी त्या काळात सोडली, म्हणजे ओढायला लागणारा श्वासच उरला नाही. स्मशानातून परतताना सगळे नळावर हातपाय धूत होते. मी भिंतीच्या मागे गेलो आणि सिगारेट पेटवली. हे मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नाही. आज सांगतो, कारण 'एखादा मोठा धक्का बसला की माणूस सोडतो' असं लोक फार खात्रीनं बोलतात. मला धक्का बसला होता. तो पचवायला माझ्याकडे तेव्हा एकच गोष्ट होती आणि ती खिशात होती.

त्यानंतर मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. ती सहा वर्षांची होती, तिला काही कळलंही नसेल. एकोणीस दिवसांनी शपथ मोडली. पुढचं वर्षभर तिला साधा ताप आला तरी माझ्या पोटात गोळा यायचा. भीतीनं ओढणं कमी होत नाही, वाढतं. माझी हात जोडून विनंती आहे, सोडणाऱ्यानं लेकराची शपथ घेऊ नये आणि बायकोनं ती मागू नये.

२००८ साल आलं. दोन ऑक्टोबरपासून सार्वजनिक ठिकाणी ओढायला देशभर बंदी झाली. मी बँकेत होतो. मागच्या जिन्यात आम्ही तिघं उभे राहायचो, तो जिना बंद झाला. रस्ता ओलांडून जावं लागे, उन्हात. त्या खेपेला मी चौदा महिने सिगारेटशिवाय राहिलो. मग मित्राच्या मुलाच्या वरातीत कुणीतरी म्हणालं, "आता तर सुटलीय ना, एकानं काय होतंय." मलाही तसंच वाटलं. ती एक ओढली. दुसऱ्या दिवशी काही वाटलं नाही. चौथ्या दिवशी टपरीवरून एक घेतली. महिन्याभरात पंधरावर होतो.

२०१३ च्या ऑक्टोबरात मला डेंग्यू झाला. पाच दिवस अंथरुणावर. पाणी नको, उजेड नको, सिगारेट तर आठवलीही नाही. सहाव्या दिवशी औषधं आणायला म्हणून बाहेर पडलो. पाय लटपटत होते. टपरीजवळ आलो आणि सुंभाचा धूर नाकात गेला. जुन्या टपरीवाल्याच्या मुलानं लायटर आला तरी सुंभ ठेवला होता. तोंडाला पाणी सुटलं, हात वरच्या खिशाकडे गेला.

मी तिथंच उभा राहिलो. पाच दिवस अंगानं काही मागितलं नव्हतं. मग आत्ता मागतंय कोण?

त्या दिवशी घरी आल्यावर मी प्रथमच या गोष्टीकडे नीट पाहायला लागलो. वाचलं, छातीच्या डॉक्टरांना विचारलं. झुरका घेतल्यापासून दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं. शिरेतून दिलेलं औषधही इतकं झटपट पोचत नाही. आणि उतरतंही तसंच: सुमारे दोन तासांत अर्धं, पुढच्या दोन तासांत त्याचं अर्धं. तीन दिवसांत ते रक्तात जवळजवळ उरत नाही. चिडचिड, झोप उडणं, डोकं जड होणं, या त्रासाचा जोर पहिल्या आठवड्यात असतो आणि तीन-चार आठवड्यांत तो बहुतेक ओसरतो. माझ्या बाबतीत तापानं ते पहिले दिवस आपल्या अंगावर घेतले होते. सुंभ जळून गेला होता. टपरीसमोर उभा होता तो पीळ.

मग हिशेब मांडला. एका सिगारेटीचे दहा झुरके, दिवसाला पंधरा सिगारेटी. वर्षाला पन्नास हजारांहून अधिक झुरके, चोवीस वर्षांत तेरा लाख. यातला प्रत्येक झुरका कशाशी तरी बांधलेला: चहाशी, फोनशी, जेवणाशी, साहेबाच्या रागाशी, बसची वाट पाहण्याशी, एकटं वाटण्याशी. जगात दुसरं कुठलं काम मी तेरा लाख वेळा केलंय? अम्मानं मात्र त्याहून जास्तच विड्या वळल्या असतील. तिच्या बोटांना जे झालं ते माझ्या मेंदूला झालं होतं. एवढा पीळ एका निश्चयानं उलगडेल असं मी पंधरा वर्षं धरून चाललो होतो आणि उलगडला नाही की स्वतःला नालायक म्हणत होतो. बरं, हे माझ्या एकट्याचं नव्हतं. कुठल्याही मदतीशिवाय, केवळ निग्रहावर सोडणाऱ्या शंभरातले तीन ते पाचच जण सहा महिने ते वर्षभर टिकतात. पुढे २०१६ मध्ये कॅनडातल्या एका अभ्यासात तर निघालं, की कायमची सुटेपर्यंत कित्येकांना तीस किंवा त्याहून जास्त वेळा प्रयत्न करावा लागत असेल. हा आकडा वाचून मला रडू आलं. माझे जेमतेम आठ-नऊच झाले होते.

डॉक्टरांनी २ मिलिग्रॅमचं निकोटिनचं च्युइंगम दिलं. हे औषध स्वीडनमध्ये ओव्ह फर्नो यांनी तयार केलं. पाणबुडीत ओढता येत नाही म्हणून तिथले खलाशी तंबाखू चघळतात, हे ऐकून ती कल्पना सुचली होती. पहिल्या दिवशी मी ते साध्या च्युइंगमसारखं चघळलं. उचक्या लागल्या, छातीत जळजळलं. पुष्कळ जण इथंच 'मला सोसत नाही' म्हणून ते टाकून देतात. खरी रीत अशी: थोडं चावायचं, जिभेला चुरचुरलं की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचं, चव गेली की परत दोन-चार वेळा चावायचं. आणि ते तोंडात असताना, त्याआधी पंधरा मिनिटंही, चहा-कॉफी चालत नाही, नाहीतर निकोटिन तोंडात शोषलं जात नाही. या शेवटच्या नियमानं माझं सगळ्यात मोठं काम केलं. चहा आणि धूर चोवीस वर्षं हातात हात घालून फिरत होते. आता निकोटिन हवं असेल तर चहा थांबवावा लागे आणि चहा हवा असेल तर निकोटिन. दोघांची गाठ सुटली. पाचेक आठवड्यांनी एका संध्याकाळी मी अख्खा कप चहा प्यालो आणि नंतर लक्षात आलं, की मधे काही आठवलं नाही. च्युइंगम पुढे आठ महिने कमी करत करत बंद केलं. त्याला कुबडी म्हणणारे भेटले. पाय मोडल्यावर कुबडी घेतात, त्यात लाजण्यासारखं काय आहे?

बाकीचे पेड मी एका छोट्या वहीत लिहिले आणि एकेक घेतला. सकाळचं पोट हा मोठा पेड. सिगारेटीशिवाय पोट साफ होत नाही, या एका कारणानं परत सुरू केलेले निदान चार जण मला माहीत आहेत, लाजेनं कुणी बोलत नाही. निकोटिन आतड्यांना चाळवतं, हे खरंच आहे. पण दोन-तीन आठवडे कोमट पाणी, पपई आणि धीर एवढ्यावर आतडी आपलं काम पुन्हा शिकतात. जेवणानंतर बडीशेप आणि लगेच ताटं उचलायला उठणं. बँकेत मॅनेजरशी खटका उडाला की थेट जिने चढून गच्चीवर. वजन पाच किलो वाढलं, ते वाढू दिलं. एका वेळी दोन लढाया नकोत, असं डॉक्टर म्हणाले होते. ते बरोबर होते.

बायकोला मी सांगितलं, "या वेळी विचारू नकोस." आधीच्या प्रत्येक खेपेला ती माझे शर्ट हुंगायची आणि मी वेलदोडे चघळत घरी यायचो. ती म्हणाली, "नाही विचारणार. पण अहो, ओढलीत तर येऊन सांगा. ओढल्याचं मला एवढं वाटत नाही, लपवलेलं लागतं." तिनं त्यानंतर शर्ट हुंगले नाहीत. माझ्या सुटण्यात च्युइंगमइतकाच या वाक्याचा वाटा आहे.

शेजारी एक काका होते, मागावर जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती पाहणारे. त्यांची विडी पंढरपुरात माळ घातली तेव्हा सुटली. मी तरुणपणी ते भक्तीच्या खात्यावर टाकून मोकळा झालो होतो. सोडायला लागल्यावर त्यांच्यापाशी जाऊन बसलो. ते म्हणाले, "पांडुरंग आहेच बाबा. पण माळ दिसली की कुणी विडी पुढं करत नाही बघ." तेव्हा उमगलं. त्यांना दिवसातून वीस वेळा नाही म्हणावं लागत नव्हतं, गळ्यातली माळ त्यांच्या वतीनं बोलत होती. मला ते नाही म्हणणंच जड जात होतं, कारण सिगारेट पुढे करणारा माझा मित्र होता, त्यात माया होती.

अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या अभ्यासात बारा हजारांवर माणसांची १९७१ ते २००३ पर्यंतची नाती आणि सवयी तपासल्या गेल्या. नवऱ्यानं किंवा बायकोनं सोडली की जोडीदाराची ओढण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटत होती. मित्रानं सोडली तर ३६, छोट्या कचेरीतल्या सहकाऱ्यानं सोडली तर ३४, भावंडानं सोडली तर २५ टक्के. माणसं एकेकटी सुटत नव्हती, गटच्या गट सुटत होते. आम्हा जिन्यातल्या तिघांचंही तसंच झालं. माझ्यानंतर पाच महिन्यांनी दुसऱ्यानं सोडली. तिसरा म्हणाला, "एकट्यानं रस्ता ओलांडून जायला कंटाळा येतोय." त्यानंही सोडली, पण मावा सुरू केला. याचं मला फार वाईट वाटतं. आपल्या महाराष्ट्रात धूर काढणारे कमीच आहेत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत ते मोठ्या माणसांत ३.८ टक्के निघाले, पण तोंडात तंबाखू ठेवणारे २४.४ टक्के. सिगारेट सोडून माव्यावर जाणं म्हणजे तोच सुंभ दुसऱ्या खांबाला बांधणं. त्याच्या गालात पांढरा चट्टा आला तेव्हा मी त्याला जबरदस्तीनं दवाखान्यात नेलं. आता तोही सोडतो आहे. सातवी खेप आहे. मी त्याला मोजू नकोस म्हणतो, पण तो मोजतो.

पहिल्या वर्षी मला स्वप्नं पडायची. स्वप्नात मी सिगारेट ओढलेली असे आणि दरदरून घाम फुटून जाग येई. तोंडाला खरोखर चव असे. हे पुष्कळांना होतं, आणि ते बिघडत असल्याचं लक्षण नव्हे. तिसऱ्या वर्षी सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत गर्दीत कुणाचा तरी धूर अंगावर आला आणि मला नुसता धूर लागला, खोकला आला. एवढंच. वहीत लिहावं असं काही राहिलं नव्हतं. तरी एक नियम मी आजही पाळतो: वरातीतली ती 'एकच' मला चालत नाही. त्याबाबत मी स्वतःशी चर्चाही करत नाही.

इंग्लंडचे संशोधक रिचर्ड डॉल यांनी १९५१ पासून पन्नास वर्षं हजारो डॉक्टरांच्या ओढण्याच्या सवयीचा आणि आयुष्याचा मागोवा घेतला. त्याआधी इस्पितळातल्या रुग्णांवरचे पहिले आकडे हाती येऊ लागले तेव्हाच त्यांनी स्वतःची सिगारेट थांबवली होती. त्यांचा शेवटचा हिशेब असा, की वयाच्या तिसाव्या वर्षी सोडली तर सुमारे दहा वर्षांचं आयुष्य वाचतं, चाळिसाव्या वर्षी नऊ, पन्नासाव्या वर्षी सहा, साठाव्या वर्षी तीन. मी बेचाळीसचा होतो. नानांनी विडी थांबवली तेव्हा ते साठीला टेकले होते. त्यांच्यासाठीही तीन वर्षं होती, हे कुणी सांगितलं असतं तर त्यांनी आधी थांबवली असती का? मी या प्रश्नाभोवती पुष्कळ फिरलो आहे.

अम्मा आता ऐंशीच्या घरात आहे. सूप माळ्यावर जाऊन पंधरा वर्षं झाली. दुपारी ती दारात बसते. परवा तिच्या हातात कॅलेंडरचं फाडलेलं पान होतं. बोलता बोलता तिनं त्याची पट्टी फाडली, बोटांनी वळली, कडा नीट बसवली आणि नखानं तोंड दुमडलं. दोरा नव्हता, म्हणून साडीच्या काठाचा सुटलेला धागा तोडून वेढा दिला. मग ती मांडीवर ठेवली आणि दुसरी पट्टी घेतली. तिच्या मांडीवर अशा सात-आठ होत्या, सगळ्या एकसारख्या.

"अम्मा, काय करतेयस?" मी विचारलं.

तिनं खाली पाहिलं. तिला ते ठाऊकच नव्हतं. मी शेजारी बसलो, एकेक कागद उलगडून मांडीवर सपाट केला. ती बघत राहिली, मग तिनंही एक उलगडायला घेतला.